दार घेऊन चाललेला माणूस

अल्झिरा सांपायो वाढली ती कात्रीच्या आवाजात. वडील शिंपी, फेइरा दि सांतानाच्या बाजारात त्यांचं दुकान होतं आणि कापडाची चिंधीदेखील वाया गेलेली त्यांना खपत नसे. पुढे ती रिओला गेली, सिनेमाच्या एडिटिंगच्या खोलीत कामाला लागली, तर तिथंही हातात कात्रीच आली. दुसऱ्यांचे सिनेमे कापता कापता तिच्या लक्षात आलं की बहुतेक दिग्दर्शकांना आपल्याला काय हवंय हेच ठाऊक नसतं. आपल्याला मात्र ते ठाऊक आहे, अशी तिची पक्की खात्री होती. तिशी उलटल्यावर तिनं स्वतःचा पहिला सिनेमा हातात घेतला तेव्हा ही खात्रीच कामी आली. लष्कराचं राज्य, त्यात बाईमाणूस कॅमेऱ्यामागे. अशा वेळी मनात शंका घेऊन बसणाऱ्याचा निभाव लागला नसता.

सिनेमा होता एका नावाड्याच्या मुलीचा. तिला नदी ओलांडून कायमचं निघून जायचं असतं. त्यासाठी अल्झिरानं गाव शोधलं अलेक्रीम. बाहियाच्या आतल्या रुक्ष मुलखात, साओ फ्रांसिस्को नदीच्या काठाला हे गाव होतं. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतींची एकच लांब गल्ली धक्क्यापासून निघून चर्चपर्यंत, मागच्या टेकडीच्या दिशेनं, चढत जायची. ती गल्ली बघताक्षणी अल्झिराला अख्खा सिनेमा दिसला. त्या गल्लीत नायिका एकटी चालताना हवी होती. मागे पुढे माणूस नको, कुत्रं नको.

गाव काही तिच्या सिनेमासाठी वसलेलं नव्हतं. शॉट सुरू झाला की नेमकी गावातली किटेरिया डोक्यावर धुण्याचं घमेलं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उगवायची. चाळिशीची, काटक, आवाज धक्क्यापर्यंत जाणारा.

"बाई, जरा थांबा. आमचं काम चाललंय," अल्झिरा म्हणायची.

"आणि मी काय मिरवणुकीला चाललेय?"

"थोडाच वेळ."

"कालपण थोडाच वेळ म्हणालात. रिओचा थोडा वेळ लई लांब असतो वाटतं."

मग दोन हवालदारांकडून गल्ली मोकळी केली जायची. दारं बंद, खिडक्या बंद, शेळ्या आत. नायिका चालायची. अल्झिरा "कट" म्हणायची, तरी कॅमेरामन नोर्बेर्तो थोडा वेळ कॅमेरा बंद करायचाच नाही.

"अरे, कट म्हटलं ना मी? फिल्म काय झाडाला लागते?"

"कट म्हटलं की माणसांच्या तोंडावरचा ताण जातो गं," नोर्बेर्तो ओशाळून म्हणायचा. "तेवढंच बघत होतो."

सिनेमा लागला. रिओच्या वर्तमानपत्रांनी त्या रिकाम्या गल्लीचं तोंड भरून कौतुक केलं. युरोपातल्या एका महोत्सवात बक्षीस मिळालं. तिथल्या एका गृहस्थानं तर त्या पांढऱ्या भिंतींत माणसाचं सनातन एकटेपण पाहिलं. अल्झिराला हे सगळं पटलं. आपण बरोबर होतो असं कुणी म्हटलं की ते पटायला वेळ लागत नाही.

पण नशीब एकाच चालीनं चालत नाही. तिच्या दुसऱ्या सिनेमाला सेन्सॉरनं इतकी कात्री लावली की कोण कुणाची बायको हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरा सिनेमा तिनं मनासारखा केला आणि तो कुणी पाहिला नाही. मग ती टेलिव्हिजनवर मालिका करू लागली. सकाळी एक बाई रडायची, दुपारी तिची सवत रडायची, मध्ये साबणाची जाहिरात. काम वाईट नव्हतं, पण ते करताना तिला कधी कशाचं नवल वाटायचं नाही.

दरम्यान नदीवर खाली कुठेतरी मोठं धरण झालं आणि अलेक्रीम पाण्याखाली गेलं. तिनं ते वर्तमानपत्रात वाचलं. वाईट वाटलं. कुणाकडे जेवायला गेली की ती सांगायची, "माझ्या सिनेमातलं गाव आता उरलेलं नाही," आणि ऐकणारे हळहळायचे.

लष्कर गेलं, निवडणुका आल्या. अल्झिराच्या केसांत पांढरे दिसू लागले. अशात एक दिवस लिंदाउरा नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. विस्थापितांसाठी वसवलेल्या नव्या अलेक्रीममध्ये ती शिकवत होती. जूनमध्ये संत अंतोनियोचा सण होता.

"आमच्या गावाचा सिनेमा आमच्याच लोकांनी अजून पाहिलेला नाही हो," लिंदाउरा म्हणाली. "घेऊन याल?"

अल्झिरा गेली. सोबत नोर्बेर्तोला घेतलं. तोही आता म्हातारा व्हायला लागला होता आणि गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत होता.

नव्या अलेक्रीममध्ये सगळ्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या होत्या. कापसाच्या गोदामात, खिडक्यांना गोधड्या लावून, भर दुपारी खेळ ठेवला होता. झाडून सगळा गाव आला होता. कसावाच्या भाकऱ्या, गुळाचे खडे, तान्ही पोरं घेऊन लोक दाटीवाटीनं बसले. दिवा मालवला. पडद्यावर नदी आली, धक्का आला आणि गोदामातून एक आवाज उमटला. खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस श्वास घेतो, तसा.

मग सुरू झालं ते अल्झिरानं कुठल्याच महोत्सवात पाहिलं नव्हतं. नावाड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्या मुलीकडे तर मुळीच नव्हतं.

"तो बघ जोआकीमचा ओटा."

"ओटा नव्हे, ती बेकरी."

"बेकरीला दोन पायऱ्या होत्या, डोळे फुटले का?"

"गेलं, गेलं. मागे घ्या की जरा."

नायिका चर्चच्या पायरीशी उभी राहून तो सुप्रसिद्ध संवाद बोलायला लागली. अल्झिरानं तो तीन रात्री जागून लिहिला होता. पुढच्या रांगेतला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अगं पोरी, जरा सरक ना बाजूला. मागची चिंच दिसेना."

सगळे हसले. अल्झिरालाही हसू आलं.

खेळ संपला. गोधड्या निघाल्या. लोक डोळे पुसत, वाद घालत बाहेर पडत होते. किटेरिया मात्र बसून राहिली होती. साठीला आलेली, तशीच काटक.

"छान होतं," ती म्हणाली. "भिंती अगदी जशाच्या तशा. पण बाई, आम्ही कुठं आहोत?"

अल्झिरानं हातातली गोधडी खाली ठेवली.

"नाही, बोल लावत नाही मी. मला आपलं वाटलं होतं, माझी आई दिसेल. ती दारात बसायची ना, शेंगा सोलत. तुम्ही उठवायचात तिला." किटेरियानं पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल झटकला. "पाणी यायच्या आधीच गाव रिकामं करून ठेवलंत तुम्ही."

परतीच्या बसमध्ये अल्झिरा खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "नोर्बेर्तो, तू कट नंतर जे घेत बसायचास, ते कुठं गेलं?"

नोर्बेर्तोनं गुडघा चोळला. "लॅबवाले फेकून देत होते. मी उचलून आणलं. रिओपलीकडे निटेरॉयला बहिणीच्या घरी आहे. खुराड्यात."

"खुराड्यात?"

"कोंबड्या नाहीत आता तिथं."

खुराड्याचं दार उघडलं तेव्हा शिरक्यासारखा आंबूस वास अंगावर आला. काही रिळं चिकटून दगड झाली होती. पण बरीचशी शाबूत होती. अल्झिरानं मालिकेतून रजा काढली, एका मित्राच्या एडिटिंगच्या खोलीत फिल्म बघत कापायचं यंत्र, मुव्हिओला, मिळवला आणि दोघं बसले.

शॉटच्या आधीची आणि नंतरची ती शेपटं. क्लॅप वाजायच्या आधी नायिका नाक शिंकरते. कट झाल्यावर बंद खिडक्या एकेक करून उघडतात आणि आतून माणसं अशी बाहेर येतात जशी पेटीतून कपडे. शेळ्या धावत येतात. एक म्हातारी हवालदाराच्या हातातली खुर्ची ओढून घेते, दारात मांडते आणि शेंगा सोलायला बसते. अल्झिरानं यंत्र थांबवलं. हीच ती. तिनं फ्रेमवर खूण केली.

मग तिला तो माणूस दिसला.

उंच, वाकलेला, गवती टोपी घातलेला. पहिल्या तुकड्यात तो खुर्ची घेऊन गल्ली चढत होता. यात काही विशेष नव्हतं. दुसऱ्या रिळात, दुसऱ्याच दिवशीच्या शॉटच्या शेवटी, तो डोक्यावर कौलांची टोपली घेऊन चढत होता. पुढे खिडकीची झडप. मग पलंगाचा पाय. मग तुळई, तिचं मागचं टोक जमिनीवर घासत. ओझं घेऊन नेहमी चढतानाच. रिकाम्या हातांनी उतरतानाही दोनदा दिसला.

"हा कोण रे?"

"मला काय ठाऊक? मी फक्त बटण दाबून होतो."

"अरे, हा अख्खं घर उचलून नेतोय."

शेवटच्या रिळात तो पाठीवर दार घेऊन चालला होता. समोरून घमेलं डोक्यावर घेतलेली किटेरिया येत होती. गल्ली तिथं अरुंद होती. दोघं समोरासमोर आले आणि थांबले. हा हलेना, ती हलेना. आणि फिल्म संपली.

अल्झिरानं तो तुकडा पुन्हा पाहिला. मग पुन्हा. त्या संध्याकाळी जेवताना, झोपताना, रजा संपल्यावर साबणाच्या जाहिरातीआधीची बाई रडत असताना तिच्या डोक्यात तेच. कुठं नेत होता तो दार? धरणाचं नावही तेव्हा कुणी घेतलेलं नव्हतं. गाव बुडायच्या कित्येक वर्षं आधी हा माणूस घर घेऊन टेकडीवर का चालला होता?

तिनं मालिका सोडली. निर्मात्यानं विचारलं, "दुसरीकडून बोलावणं आलंय का?" ती म्हणाली, "हो." ते खोटंही नव्हतं.

नव्या अलेक्रीममध्ये तिनं पहिल्यांदा लिंदाउराला विचारलं. लिंदाउरानं लगेच आवाज खाली आणला. "ते अनाक्लेतोबाबा. त्यांना आधीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"पाणी येणार ते. सगळे हसले त्यांना. पण आज जुन्या गावातलं एकच घर उभं आहे, धरणाच्या तळ्याच्या काठाला, जुन्या गावामागच्या टेकडीवर. तेच राहतात तिथं."

चहाच्या दुकानासारख्या एका टपरीवर कॉफी पिणाऱ्यांनी आणखी सांगितलं. एकाच्या मते अनाक्लेतोला नदीनं स्वप्नात येऊन सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, स्वप्न नव्हे, संत अंतोनियो. तिसऱ्यानं नुसता छातीवर क्रूस काढला. लोक त्याच्याकडे लग्नाचे मुहूर्त विचारायला जायचे, लॉटरीचे आकडे विचारायला जायचे, जाताना अंडी, कोंबड्या न्यायचे.

किटेरियाला विचारलं तर तिनं कपडे पिळत नुसतं तोंड वाकडं केलं.

"म्हातारा खुळा आहे."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखायला काय झालं? भाऊ आहे माझा." आणि ती घमेलं उचलून चालू लागली.

आता मात्र अल्झिराला राहवेना. ती आणि नोर्बेर्तो होडी करून तळ्यापलीकडे गेले. टेकडीच्या उतारावर एक विचित्र घर होतं. भिंती नव्या विटांच्या, पण दार, खिडक्या, कौलं जुनी. अनाक्लेतो अंगणात उंबूच्या झाडाखाली बसला होता. वाळलेला, लांबलचक, टोपी कदाचित तीच. खुंटीला पाय बांधलेल्या तीन कोंबड्या होत्या.

"लॉटरीचा आकडा आज नाही," तो म्हणाला.

"मी सिनेमावाली. तेव्हा गल्ली बंद करायची ना, ती."

"हां, ती ओरडणारी." त्यानं तिच्यासाठी खुर्ची सरकवली. "बस."

अल्झिरानं कॉफी होईपर्यंत दम धरला. मग सरळ विचारलं, "बाबा, पाणी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

अनाक्लेतोनं आधी नोर्बेर्तोकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे. "कॅमेरा बंद आहे?"

"बंद आहे."

"मला काहीसुद्धा कळलं नव्हतं."

"मग?"

"किटेरियाच्या डुकरानं माझा बियाण्याचा मका खाल्ला. सगळा. मी डुक्कर मारलं आणि खारवून ठेवलं. ती म्हणाली, घरातून चालता हो. घर आईच्या माघारी दोघांचं होणार होतं. मी म्हटलं, होतो, पण माझं अर्धं घेऊन जातो." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "शब्द तोंडातून गेला. मग न्यायलाच लागलं."

नोर्बेर्तो हसू दाबायला खोकला.

"अर्धं म्हणजे मोजून अर्धं," म्हातारा म्हणाला. "कौलं निम्मी, खिडक्या निम्म्या. दार एकच होतं. ते मी आणलं. तिनं मग तिथं कातडं टांगलं. आई मधे पडायची नाही, नुसती शेंगा सोलत बसायची. पुढे ती गेली, मग पाणी आलं आणि किटेरियाचं अर्धं गेलं."

"आणि लोक म्हणायला लागले की तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"सांगून पाहिलं मी. डुकराचं सांगितलं. ते म्हणाले, बाबा किती नम्र." त्यानं कोंबड्यांकडे हनुवटी केली. "नंतर सोडून दिलं. आता या वयात खरं बोललो तर अंड्यांना मुकेन. आणि लोकही कुणाकडे जातील?"

"बहिणीशी बोलता?"

"ती बोलत नाही."

"तुम्ही?"

"मी का बोलू? डुक्कर तिचं होतं."

अल्झिरानं परत येऊन त्या तुकड्यांची जुळणी केली. अजून कापाकापी व्हायची होती, आवाज नव्हता, काही नाही. पण तिला ते आधी तिथंच दाखवायचं होतं. लिंदाउरानं गोदाम पुन्हा मागितलं. अनाक्लेतोला आणायला नोर्बेर्तो स्वतः होडी घेऊन गेला आणि त्याला काय सांगून आणलं ते त्यानं कधीच सांगितलं नाही. किटेरिया आधीच येऊन बसली होती. भाऊ आत आल्यावर तिनं मान वळवली नाही. लोकांनी अनाक्लेतोला आदरानं पुढे जागा दिली, नेमकी तिच्या शेजारची.

या वेळी गोदामात गडबड नव्हती. पडद्यावर आवाज नसल्यामुळे असेल, लोकही दबक्या आवाजात नावं घेत होते. हा जोआकीम. ही बेकरीवाल्याची थोरली. तो मी, तो मी, केस बघ माझे. म्हातारी दारात बसून शेंगा सोलायला लागली तेव्हा किटेरियानं हात तोंडावर नेला. अनाक्लेतोनं टोपी काढली.

मग खुर्ची आली, कौलं आली, झडप आली. लोक एकमेकांना ढोसत होते, बघ, बघ, बाबा. आणि शेवटी ते दार. गल्लीत बहीण-भाऊ समोरासमोर. हा हलेना, ती हलेना. पडदा पांढरा झाला.

"मग कोण सरकलं?" मागून कुणीतरी विचारलं.

अल्झिरालाही ठाऊक नव्हतं. ती अंधारात उभी होती आणि तिला स्वतःलाच ते कळून घ्यायची इतकी उत्सुकता लागली होती की दिवा लावायचं भान राहिलं नाही.

"मी सरकले," किटेरिया समोर बघत म्हणाली.



"तू?" अनाक्लेतोचा आवाज आला. "भिंतीला टेकून मी उभा राहिलो. पाठीत दार. अजून दुखतं थंडीत."

"डोक्यावर ओल्या चादरी होत्या माझ्या. मान मोडली असती. मीच सरकले."

"मेलीस तरी सरकली नसतीस."

"आणि तू काय, देवाचा माणूस. कातडं टांगून काढली मी ती वर्षं. पाऊस आत यायचा."

"मका खाल्ला त्याचं काय?"

"मुकं जनावर होतं ते."

दिवा लागला तरी दोघं थांबले नाहीत. डुकराची गोष्ट सगळ्या गोदामानं ऐकली. लिंदाउराचा चेहरा पडला. पण टपरीवरचा तो क्रूस काढणारा शेजाऱ्याला समजावत होता, "बघ, देवानं डुकराच्या तोंडून सांगितलं. आपल्याला कळलं असतं का?" अल्झिराला वाटलं, अंड्यांची चिंता करायचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनाक्लेतो परत निघाला तेव्हा किटेरिया धक्क्यावर आली. अंगात सणाचा झगा होता.

"दार बघायचंय मला," ती म्हणाली. "नीट ठेवलंय की नाही."

"मी येऊ?" अल्झिरानं विचारलं.

"ये. मधे मधे बोलू नकोस."

होडी निघाली. तळं सपाट होतं. मध्यावर आल्यावर अनाक्लेतोनं वल्हं थांबवलं आणि खाली बोट दाखवून म्हणाला, "चर्च." किटेरिया म्हणाली, "चर्च डावीकडे. ही बेकरी." ते टेकडीपर्यंत त्यावरच बोलत राहिले. नोर्बेर्तो कॅमेरा मांडीवर घेऊन दोघांच्या तोंडाकडे बघत होता. अल्झिरा पाण्यात बघत होती, आणि कोण बरोबर ते तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

त्या तुकड्यांचा पुढे सिनेमा झाला. रिओत तो जेमतेम आठवडाभर चालला. दार घेऊन जाणाऱ्या माणसाचा अर्थ काय, असं एका तरुण समीक्षकानं विचारलं. अल्झिरानं त्याला नव्या अलेक्रीमला जाणाऱ्या बसची वेळ सांगितली. तो गेला की नाही कळलं नाही. तिनं त्यानंतर आणखी काही सिनेमे केले, छोटे छोटे, खाणकामगारांवर, एका बँडवर, मीठ पिकवणाऱ्या बायकांवर. त्यांतला एकही तिनं आधी कागदावर लिहिला नाही.

पण त्या सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. किटेरिया टेकडी चढून त्या विचित्र घरासमोर उभी राहिली. दारावरून हात फिरवला. बिजागरी बघितली. मग दार ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं.

"उलटं बसवलंयस," ती म्हणाली. "हे आत उघडायचं."

"मला बाहेर उघडलेलं बरं वाटतं."

"आईनं आत उघडेल असं बसवून घेतलं होतं."

"बरं," अनाक्लेतो म्हणाला, "मग उद्या बदलू. पेचकस आहे का तुझ्याकडे?"

"घरी आहे," किटेरिया म्हणाली, आणि आत गेली.